हँडल उंच होतं, पण केबल जुनीच होती

मोटार क्लेमच्या फॉर्मवर अपघाताचं कारण लिहायला जेमतेम तीन ओळी असतात, आणि त्या तीन ओळींतून नाशिक जिल्ह्यातली निम्मी कुत्री आडवी गेलेली आहेत. कुत्रं सोयीचं पडतं. ते साक्षीला येत नाही, त्याचं लायसन्स बघायचं नसतं आणि चूक कोणाच्याच गळ्यात पडत नाही. मी विमा कंपन्यांसाठी अपघात झालेल्या गाड्यांचा सर्व्हे करतो. फॉर्मवर कुत्रं दिसलं की आधी गाडी बघायची, माणसाशी नंतर बोलायचं, असा माझा शिरस्ता आहे.

ही केस होती ३५० सीसीच्या बुलेटची. गंगापूर रोड, सकाळची वेळ, ‘अचानक कुत्रे आडवे आल्याने गाडी दुभाजकावर आदळली.’ चालवणारा पंचविशीतला, अंबड एमआयडीसीत नोकरीला. हसळीचं हाड मोडलेलं. गाडी वर्कशॉपात.

आमच्या कामाबद्दल लोकांचा एक गैरसमज असतो. गाडीमालकाला वाटतं हा कंपनीचा माणूस, पैसे कापायला आलाय. कंपनीला वाटतं हा वर्कशॉपवाल्याला सामील. खरं तर आम्ही फक्त शिफारस करतो. रिपोर्टच्या डोक्यावर ‘विदाऊट प्रेज्युडिस’ लिहिलेलं असतं, द्यायचं की नाही ते कंपनी ठरवते. बाकी रोजचं काम म्हणजे चेसिस नंबरचा पेन्सिलने छाप घे, फोटो काढ, प्लास्टिक-रबराला निम्मी किंमत लाव, धातूला गाडीच्या वयाप्रमाणे घसारा लाव. यात डोकं कमी आणि कंबर जास्त वापरली जाते.

या गाडीजवळ मात्र मी दीड-दोन तास बसलो.

पहिलं दिसलं ते हँडल. उंच, पोरं ज्याला एप हँगर म्हणतात ते. हँडल घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पपासून ग्रिपपर्यंत टेप लावली, १९ इंच उंची भरली. वर्कशॉपचा ॲडव्हायझर मागे उभा होता. म्हणाला, “सर, एवढं कशाला मोजताय? मॉडिफिकेशन लिहा आणि मोकळे व्हा.” हा मुलगा वाईट नाही, पण त्याला दिवसाला किती गाड्या बाहेर काढल्या याचंच टार्गेट असतं. गाडी का पडली हा प्रश्न त्याच्या कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही.

मला खटकत होतं ते नुकसान. पुढची रिम एकाच जागी चेपलेली, दोन-तीन स्पोक सुटलेले, उजवा क्रॅश गार्ड घासलेला, उजवा फूटरेस्ट दुमडलेला, ब्रेक लिव्हरचं टोक तुटलेलं. बस. घासल्याच्या खुणा वीतभर. ओरखडे लांब ओढलेले नाहीत, हेडलाइट शाबूत. वेगात असताना कुत्र्यासाठी ब्रेक मारून पडलेली गाडी अशी दिसत नाही, ती रस्त्यावर आपली अर्धी कातडी सोडून येते. ही गाडी जवळजवळ उभ्या उभ्या पडली होती. तरी रिम चेपण्याइतका जोर कुठून आला?

मग क्लॅम्प बघितले. उंच हँडलचं साधं गणित आहे. दांडा जितका लांब तितका बुडाशी पीळ जास्त. मूळ हँडलच्या ग्रिप क्लॅम्पपासून थोड्याच वर असतात. इथं तेच दोन क्लॅम्प, तेच चार बोल्ट, आणि त्यांच्यावर दुपटीहून लांब दांडा. धडकेत चालवणारा पुढे फेकला गेला आणि त्याच्या वजनानं हँडल क्लॅम्पमध्येच पुढे फिरलं होतं. क्रोमवर क्लॅम्पच्या कडेनं उमटलेली जुनी रेघ दिसत होती. तपासणीआधी हँडल त्या रेघेवर परत आणणं गरजेचं होतं, नाहीतर नंतर कोणीही म्हणेल की केबल ताणली ती अपघातामुळेच. बोल्ट सैल करून रेघ जुळवली, परत आवळले, प्रत्येक टप्प्याचा फोटो काढला.

आणि केबल. हँडल नवं, उंच. क्लचची केबल मात्र कंपनीतून आली तीच. केबल सैल-ताठ करायचा ॲडजस्टर दोन्ही टोकांना पूर्ण आत फिरवलेला, म्हणजे ज्यानं बसवलं त्यानं ढिलाईचा शेवटचा दोरा वापरून केबल कशीबशी पोचवली होती. हँडल सरळ असताना ठीक. उजवीकडे शेवटपर्यंत वळवलं की डावी ग्रिप पुढे जाते, आणि केबल वीणेच्या तारेसारखी ताठ. लिव्हरला हात न लावता क्लच दाबला जातोय असा मला संशय आला.

संशय रिपोर्टात चालत नाही. गाडी मेन स्टँडवर घेतली, इंजिन चालू केलं, पहिला गिअर टाकला. या गाडीचा क्लच तेलात बुडालेला असतो, त्यामुळे क्लच सुटला, म्हणजे इंजिन आणि चाकाची जोड तुटली, तरी मागचं चाक हवेत उगाच फिरत राहतं आणि बघणाऱ्याला काहीच कळत नाही. म्हणून हेल्परला मागचा ब्रेक अगदी हलका धरून ठेवायला सांगितलं. हँडल सरळ होतं तेव्हा चाक ब्रेकशी झगडत फिरत होतं. मी हँडल हळूहळू उजवीकडे नेलं. टोकाला पोचता पोचता चाक थांबलं, इंजिनाचा आवाज मोकळा झाला. परत सरळ केलं तर चाकानं असा हिसका मारला की हेल्परचा पाय ब्रेकवरून उडाला. परत केलं, परत तेच. मोबाईलवर चित्रण केलं. तोपर्यंत ॲडव्हायझरही टार्गेट विसरून वाकून बघत होता.

आता गंगापूर रोडवरचा यू-टर्न डोळ्यांसमोर आणा. आपल्याकडे यू-टर्न उजवीकडेच. पोरानं हँडल शेवटपर्यंत वळवलं, क्लच आपोआप सुटला, गाडीची ओढ गेली. ओढ गेली की कललेली गाडी आत पडायला लागते. इंजिन बंद पडतंय असं वाटून त्यानं रेस पिळली, तोल सावरायला हँडल थोडं सरळ केलं, आणि त्याच क्षणी क्लचनं परत पकड घेतली. गाडीनं दुभाजकावर उडी मारली. त्यात कुत्र्याला जागाच नव्हती.

हे एवढ्यावर थांबलं नव्हतं. पुढच्या ब्रेकचा होज, म्हणजे ब्रेक ऑइलची नळी, तीही जुनीच. एबीएसची गाडी, म्हणजे होज फ्रेमवरच्या मॉड्युलेटरकडे, ब्रेकचा दाब सांभाळणाऱ्या डबीकडे जातो. हँडल डावीकडे वळवलं की होज जोडणाऱ्या बँजो बोल्टजवळ तो असा ताणला जाई की रबर वाकेवर पांढुरकं पडलं होतं. ब्रेक ऑइलची बाटली तिरकी. स्विचच्या वायरी हेडलाइटच्या मागे कापून, जोडून, वर नुसती काळी टेप. अपघात यामुळे झाला नाही, पण पुढचा यामुळेच झाला असता. बसवणाऱ्याच्या हातांबद्दल मला जे वाटलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुपारी पोरगा आला, हात झोळीत. सोबत वडील, निफाडचे, द्राक्षबागायतदार. मी काही विचारायच्या आधी त्याला मोबाईलवरचं चित्रण दाखवलं. तो बराच वेळ बघत राहिला.

“काका, हे आधी पण होत होतं. सिग्नलला वळताना गाडी ढिली पडायची. दुकानदार म्हणाला, सवय होईल.”

“आणि कुत्रं?”

“कुत्रं नव्हतं. एकानं सांगितलं होतं असं लिही म्हणून.”

वडिलांनी पोराकडे बघितलंही नाही. ते गाडीवर बसले, हात वर करून ग्रिप धरल्या. हात कानांच्या रेषेत गेले. “साहेब, असं धरून वणीपर्यंत जायचं म्हणजे हाताला मुंग्याच येतील की.” येतात. हात खांद्याच्या वर राहिले की थोड्या वेळात बधिरतात आणि बोटांना लिव्हरचा अंदाज येईनासा होतो. छाती पूर्ण उघडी असल्यानं वारा अंगावर येतो तो वेगळाच. चालवणारा ग्रिपला लोंबकळतो आणि वाऱ्याचा प्रत्येक धक्का हँडलमध्ये उतरतो.

पोरगा हळूच म्हणाला, “पण अमेरिकेत तर चालतं, काका.” चालतं, पण तिथंही मोजपट्टी आहे. कॅलिफोर्नियाच्या वाहन कायद्यात सीटवर बसल्यावर ग्रिपवरचे हात खांद्यापेक्षा सहा इंचांहून वर असता कामा नयेत असं स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे आरसीवर इंजिन नंबर, चेसिस नंबर, रंग, वजन, व्हीलबेस सगळं असतं. हँडलच्या उंचीचा रकाना नाही. त्यामुळे पेठ रोडच्या आरटीओत जाऊन आरसी कितीही बघितली तरी या हँडलबद्दल ती काही सांगणार नाही.

संध्याकाळी कंपनीच्या क्लेम डेस्कवरून फोन आला. तिकडून आवाज: “सर, सेक्शन ५२ आहे ना? मग विषय संपला.”

विषय संपत नाही, तिथूनच तर सुरू होतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीची रचना बदलून तिचं मूळ वैशिष्ट्य बदलता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं केरळच्या एका प्रकरणात हे आणखी घट्ट केलं: उत्पादकानं दिलेल्या मूळ स्पेसिफिकेशनपासून फारकत घेणारा बदल चालणार नाही, रंग किंवा किरकोळ फिटमेंट यांचं वेगळं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-अ आलं. परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार दंड, किंवा दोन्ही. गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहनं तपासणाऱ्या संस्थेत तपासून पास होतो तो मूळ हँडलसकट. तेव्हा १९ इंची हँडल ही किरकोळ फिटमेंट आहे असं माझं म्हणणं नाही. ते बेकायदा आहे असंच मी धरतो. रस्त्यावर मात्र पोलिसांची नजर फटाके फोडणारा सायलेन्सर आणि ‘दादा’ लिहिलेली नंबरप्लेट यांच्यावरच. हँडल बिचारं आवाज करत नाही.

पण माझं काम कारण शोधण्याचं आहे. हेच हँडल, हीच उंची, आणि लांब केबल, लांब होज, नीट केलेली वायरिंग असती, तर हात बधिरले असते, दंडही झाला असता, पण त्या वळणावर क्लच सुटला नसता. उलट, कंपनीच्याच मापाचं हँडल ठेवून कोणी केबल चुकीच्या बाजूनं ओवली, तर कायद्याला एक अक्षर बोलता येणार नाही आणि गाडी तरी पडेल. माझ्या रिपोर्टात मी दोन्ही लिहिलं. अनधिकृत बदल आहे. अपघाताचं निकटचं कारण क्लच केबलची अपुरी लांबी आहे. पॉलिसीतली गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट मोडली आहे. मालकानं खरा प्रकार स्वतः सांगितला, कुत्र्याचा मजकूर मागे घेतला. हँडलची किंमत देय नाही. बाकीच्या नुकसानीबाबत कंपनीनं नॉन-स्टँडर्ड पद्धतीनं, काही टक्के कापून विचार करावा.

दुसऱ्या दिवशी त्या ॲक्सेसरीच्या दुकानात गेलो. जायची गरज नव्हती, माझ्या कामात ते बसतही नाही. दुकानदार चहा मागवणारा, गोड माणूस. “साहेब, लांब केबल मी ठेवतो ना. गिऱ्हाईकच म्हणतं, आहे त्यात बसव. हँडलला पाच हजार देतील, केबलला पाचशे म्हटलं की घासाघीस.” हे खोटं नव्हतं, हीच तर कटकट आहे. किती गाड्यांना जुन्याच केबलवर बसवलंय असं विचारलं तर त्यानं वहीकडे बघितलं आणि चहा गार होतोय म्हणाला. इंजिन चालू ठेवून हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं. रेस वाढली, क्लच सुटला किंवा कुठलाही होज ताणला तर गाडी दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही, एवढं त्याला करून दाखवलं. त्याच्या कारागिरानं नीट बघितलं. कारागीर मला जास्त भरवशाचा वाटला.

वडिलांनी मूळ हँडल परत मागितलं, तर दुकानानं ते भंगारात विकलेलं. म्हणजे आता नवं मूळ हँडल घ्यायचं, ते क्लेममध्ये धरायचं नाही हे मला त्यांना समजावून सांगावं लागलं. “बेकायदा काढून कायद्याचं बसवतोय, तरी खिशातूनच?” त्यांनी विचारलं. हो, खिशातूनच.

रिपोर्ट कंपनीच्या पोर्टलवर चढवून बरेच दिवस झाले. परवा डेस्ककडून क्वेरी आली: क्लेम फॉर्म आणि सर्व्हे रिपोर्ट यांत अपघाताचं कारण जुळत नाही, तरी कुत्र्याबाबत सर्व्हेअरनं खुलासा करावा.