वॉल मागे पडते तेव्हा आधी लेन्सचा डेटा बघा

परवाच्या शूटला कॅमेरा नुसता पॅन केला (आडवा वळवला) की एलईडी वॉलवरचं, कॅमेऱ्याच्या हालचालीप्रमाणे कॉम्प्युटर बदलत असतो ते बॅकग्राऊंड नीट सोबत यायचं, पण पॅन करता करता झूम केला की मागची इमारत जागेवरून घसरल्यासारखी दिसायची. सेटवर सगळ्यांचं एकच, ट्रॅकिंग (कॅमेरा कुठे आहे, कुठे वळलाय याचा डेटा) लेट आहे, ऑफसेट (तो डेटा किती मागेपुढे करून वापरायचा ते सेटिंग) बदल. मी हात लावला नाही, कारण नुसत्या पॅनमध्ये सगळं ठीक दिसत असेल तर ट्रॅकिंगला दोष देऊन काय मिळणार?

आधी एक गोष्ट तपासून घेतली. कॅमेरा थांबवल्यावर चूक तशीच राहते का? राहत असेल तर ते कॅलिब्रेशन, म्हणजे लेन्स प्रोफाईल (लेन्सच्या मापांची फाईल) किंवा नोडल पॉईंट (लेन्स ज्या बिंदूतून बघते तो) चुकलाय. हालचाल चालू असतानाच दिसते आणि थांबलं की इमारत जागेवर येते, हालचाल जितकी जोरात तितकी चूक मोठी, असं असेल तर लेटन्सी, म्हणजे डेटाला होणारा उशीर. आमची दुसरी केस होती. (तिसरीही असते, डिले कधी ४ फ्रेम कधी ६, तेव्हा जेनलॉक बघायचा. टाईमकोड लावलाय म्हणजे सिंक झालं असं खूप जण धरून चालतात, पण टाईमकोड फक्त फ्रेमचा नंबर सांगतो, फ्रेम नेमकी कधी सुरू करायची ते जेनलॉक ठरवतो.)

मग मोजलं. फोन २४० एफपीएसवर (सेकंदाला २४० फ्रेम) लावला, एकाच शॉटमध्ये कॅमेरा आणि वॉल दोन्ही दिसतील असा, जोरात पॅन करून झटकन थांबवलं आणि कॅमेरा थांबल्यापासून वॉलवरची इनर फ्रस्टम (कॅमेऱ्याला दिसणारा, त्याच्यासोबत सरकणारा चौकोन) थांबेपर्यंत फ्रेम मोजल्या. ४८ आल्या, म्हणजे २०० मिलीसेकंद, म्हणजे २५ एफपीएसला बरोबर ५ फ्रेम. नंतर कॅमेरा लॉक करून फक्त झूम रिंग झटकन फिरवली, तिथे ६७ आल्या, जवळजवळ ७ फ्रेम! एकाच कॅमेऱ्याच्या दोन डेटामध्ये २ फ्रेमचा फरक, मग घसरणारच ना.

कारण शोधायला अर्धा दिवस गेला. ट्रॅकिंग थेट नेटवर्कवरून (यूडीपी) अनरियल या इंजिनच्या, म्हणजे बॅकग्राऊंड काढणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, लाईव्ह लिंकमध्ये येत होतं, आणि लेन्स एन्कोडरचा (झूम, फोकसची रिंग किती फिरली ते मोजणारा) डेटा वेगळ्या बॉक्समधून, वेगळ्या सोर्सने, त्यात त्या बॉक्समध्ये कुणीतरी झूमची थरथर जावी म्हणून स्मूदिंग लावलेलं. स्मूदिंग म्हणजे मागच्या सॅम्पलची सरासरी, आणि सरासरी काढायची तर उशीर आलाच. ते बंद केलं, एन्कोडर ट्रॅकिंग बॉक्सलाच जोडला, आता फ्री-डीच्या (ट्रॅकिंग डेटा पाठवायचा प्रोटोकॉल) त्याच २९ बाईटच्या पॅकेटमध्ये पॅन, टिल्ट, रोल, पोझिशन, झूम, फोकस सगळं एकत्र येतं. फ्री-डीच्या पॅकेटमध्ये टाईमकोड नसतो, त्यामुळे दोन सोर्स वेगवेगळे आले की कुठला झूम कुठल्या पॅनचा हे इंजिनला कळायला मार्ग नसतो. तरी एकाच पॅकेटमध्ये आलं म्हणजे एकाच क्षणी मोजलं असं नाही, म्हणून पुन्हा फोन लावून मोजलं. ४८ आणि ४९.

ट्रॅकिंग २ फ्रेम लेट करूनही दोन्ही जुळले असते, ग्रीन स्क्रीनवर मी तेच केलं असतं, तिथे कॅमेऱ्याचा व्हिडिओपण डिले करता येतो. एलईडी वॉलसमोर लेन्स जे बघते ते बघून झालेलं असतं, तिथे वाढवलेली प्रत्येक फ्रेम थेट शॉटमध्ये दिसते. त्यामुळे आधी दोन्ही डेटा जुळवायचे, तेही उशिराच्या डेटाला लवकर आणून, आणि मगच एकूण डिलेच्या मागे लागायचं.

उरलेल्या ५ फ्रेममध्ये रेंडर (चित्र काढणं), क्लस्टर सिंक (वॉल चालवणाऱ्या कॉम्प्युटरांचं एकमेकांशी जुळणं) आणि एलईडी प्रोसेसर (चित्र पॅनेलवर पाठवणारा बॉक्स) आहेत. प्रोसेसरचा लो लेटन्सी मोड अजून चालू करून बघायचाय. तोवर फ्रस्टमला थोडा ओव्हरस्कॅन दिलाय, ती लागते त्यापेक्षा थोडी मोठी केलीय, म्हणजे जोरात पॅन केला तरी तिची कड फ्रेममध्ये येत नाही, आणि आता लेन्स बदलली की दोन्ही आकडे पुन्हा मोजून लेन्सवरच्या टेपवर लिहून ठेवतो.