रँकिंगच्या तळाशी जाणारी वर्षे

कोल्हापुरात मल्लाची पारख करायला फार वेळ लागत नाही. खासबाग कुस्ती मैदानात एखाद्या नवख्या पोराने पहिल्या पाच मिनिटांत पकड कशी घेतली, पट कसा काढला, एवढ्यावरून जाणकार प्रेक्षक त्याची तालीम ओळखतो. टेनिसपटूच्या बाबतीत मात्र आपली ही नजर कामाला येत नाही, कारण त्याच्या कारकिर्दीची पहिली काही वर्षे आपल्यासमोर घडतच नाहीत. ती घडतात ट्युनिशियातल्या मोनास्तीर किंवा तुर्कस्तानातल्या अंताल्यासारख्या ठिकाणी, जिथे बघायला येतात ते बहुतेक इतर खेळाडू आणि त्यांचे प्रशिक्षक.

२०२२ मध्ये विम्बल्डनने १४ वर्षांखालील मुलामुलींची स्पर्धा प्रथमच घेतली आणि तिथे भारताकडून आपल्या जिल्ह्याची ऐश्वर्या जाधव खेळली, याचा अभिमान मला आजही आहे. पण कुमार गटातून व्यावसायिक टेनिसमध्ये जाण्याचा रस्ता किती लांब असतो, याची चर्चा आपल्याकडे फारशी होत नाही. कुणी कुमार खेळाडू गाजला की ‘आता टीव्हीवर कधी दिसणार?’ हाच पहिला प्रश्न असतो.

हा रस्ता गुणांचा आहे; त्यांवरूनच जागतिक क्रमवारी ठरते. पुरुषांच्या सर्वांत खालच्या पायरीवरच्या, म्हणजे एम १५ दर्जाच्या स्पर्धेत मुख्य फेरीतला पहिला सामना जिंकला की एक गुण मिळतो आणि संपूर्ण स्पर्धा जिंकली तरी पंधराच. शिवाय हे गुण कायमचे नसतात. ५२ आठवडे उलटले की ते गळून पडतात आणि तेवढेच पुन्हा कमवावे लागतात. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीतल्या १२८ जागांपैकी १०४ जागा क्रमवारीनुसार थेट भरतात, म्हणून साधारण शंभराच्या आत येणे हे प्रत्येकाचे लक्ष्य असते. त्याखाली अडीचशेपर्यंत असाल तर पात्रता फेरी. त्याहून खाली असलेल्यांसाठी बक्षिसाची रक्कम इतकी तुटपुंजी असते की जिंकलेल्या आठवड्यातही तिकीट, हॉटेल, रॅकेटचे स्ट्रिंगिंग आणि प्रशिक्षकाचा खर्च भरून निघेल याची खात्री नसते.

सुमित नागलची कारकीर्द मला याच कारणासाठी फार महत्त्वाची वाटते. शिक्षकाचा हा मुलगा लहान वयातच महेश भूपतीच्या प्रशिक्षण उपक्रमात निवडला गेला आणि २०१५ मध्ये त्याने विम्बल्डनच्या मुलांच्या दुहेरीचे विजेतेपद मिळवले. २०१९ च्या अमेरिकन ओपनमध्ये पात्रता फेरीतून आलेल्या, जागतिक क्रमवारीत १९० व्या असलेल्या या मुलाने रॉजर फेडररकडून पहिला सेट ६-४ असा घेतला. तो सामना आपण सर्वांनी पाहिला. त्यानंतरची वर्षे किती जणांनी पाहिली? २०२१ मध्ये कंबरेच्या सांध्यावर शस्त्रक्रिया झाली, क्रमवारी कोसळली, पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात झाली. २०२३ मध्ये रोम आणि टाम्पेरे इथल्या चॅलेंजर, म्हणजे एम १५ च्या वरच्या पण मुख्य व्यावसायिक दौऱ्याच्या खालच्या दर्जाच्या, स्पर्धा जिंकूनही त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्याने सांगितले की आपल्या बँक खात्यात जेमतेम ९०० युरो उरले आहेत. देशातला पहिल्या क्रमांकाचा एकेरीतला खेळाडू हे सांगत होता, ही गोष्ट मला अजूनही अस्वस्थ करते. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये तीन पात्रता सामने जिंकून त्याने ३१ व्या मानांकित, कझाकस्तानच्या अलेक्झांडर बुब्लिकला सरळ सेटमध्ये हरवले. ग्रँड स्लॅम एकेरीत भारतीयाने मानांकित खेळाडूला हरवण्याची घटना १९८९ नंतर प्रथमच घडली. पुढच्याच महिन्यात चेन्नईची चॅलेंजर स्पर्धा जिंकून तो पहिल्या शंभरात आला.

इथल्या कोर्टवर मला एका खेळाडूच्या वडिलांची खर्चाची वही पाहायला मिळाली होती. चेंडूंचे डबे, रॅकेटच्या तारा, बूट, पुण्याची गाडी, प्रवेश फी, फिजिओ अशी एकाखाली एक नोंद होती आणि जमेच्या बाजूला एका स्थानिक दात्याने दिलेली मदत सोडली तर पान कोरे होते. मुलगी अजून देशाबाहेर खेळलेलीही नव्हती.

खेळाडूसाठी पदरमोड करणे कोल्हापूरला नवे नाही. १९५२ मध्ये मल्ल खाशाबा जाधव हेलसिंकी ऑलिंपिकला जावेत म्हणून राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले होते. परंतु ती मदत एका प्रवासाची होती आणि टेनिसपटूला वर्षातले पंचवीस-तीस आठवडे प्रवास करावा लागतो. या वेळापत्रकामुळे मल्लांना किंवा नेमबाजांना आधार देणारी पोलीस वा रेल्वेची नोकरीही त्याच्या फारशी उपयोगी पडत नाही. त्यामुळे विजयानंतरच्या सत्कारापेक्षा अठरा ते बावीस या वयातल्या एकाच खेळाडूचा प्रवासखर्च सलग तीन वर्षे उचलणारा निधी इथल्या उद्योजकांनी आणि क्रीडासंस्थांनी मिळून उभारावा, आणि पहिल्या फेरीत लागोपाठ पराभव झाले तरी त्या तीन वर्षांत तो थांबवू नये, अशी माझी आग्रहाची मागणी आहे.