बिलात लिहिलेला ब्रेक

मे महिन्यात वळीव झोडपून गेला की आमचे फोन पहाटेपासून वाजायला लागतात. सांगली, मिरज, तासगाव, कवठेमहांकाळ या भागात पडलेली आणि पडायला झालेली झाडं काढायचं काम मी करतो. रस्त्यावर आडवी झालेली बाभूळ असो की पत्र्यावर कोसळलेला गुलमोहर, लोकांना आम्ही त्याच दिवशी हवे असतो. या धंद्याची सगळी भिस्त दोन माणसांवर असते. एक चेनसॉ, म्हणजे झाडं कापायचं साखळीचं मशीन, चालवणारा आणि दुसरा ते मशीन दुरुस्त करणारा. दुसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही, म्हणून त्या दिवशी काय घडलं ते नीट लिहून ठेवतो.

तासगावच्या पुढं एका द्राक्षबागेत चिंच पडली होती. बांधावरचं जुनं झाड मुळासकट उपटून थेट मांडवावर आडवं झालेलं. लोखंडी अँगलवर तारा ताणून मांडव केलेला असतो आणि वेलींचा सगळा भार त्या तारांवर असतो. एप्रिलची खरड छाटणी उरकून नव्या फुटी निघालेल्या, काडी तयार व्हायचे दिवस. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जो माल लागतो तो याच काडीवर. बागवाले काका बांधावर उभं राहून एवढंच सांगत होते, "चिंच गेली तर जाऊ दे, पर तारा तोडू नका रे बाबांनो."

चिंचेच्या फांद्या तारांत गुंतून ताण खाऊन बसल्या होत्या. अशा फांदीला हात घालायच्या आधी ती कुठं दबली आहे आणि कुठं ताणली आहे ते बघावं लागतं. दाबाच्या बाजूनं आधी थोडा काप घ्यायचा, मग ताणाच्या बाजूनं सोडवायची. उलट केलं तर फांदी उभी चिरते आणि सपकन अंगावर येते. मशीन माझा चुलतभाऊ चालवत होता. हात सावकाश, डोकं थंड, घाई त्याला ठाऊक नाही. म्हणून असलं अवघड काम त्याच्याकडंच असतं.

मशीन आदल्या संध्याकाळीच दुरुस्तीहून आणलं होतं. चेन ब्रेक, म्हणजे फिरती चेन झटक्यात थांबवणारा ब्रेक, नीट सुटत नव्हता. पुढच्या मुठीसमोरचा गार्ड मागं ओढला तरी ब्रेक अर्धवट धरून राहायचा, क्लचचा ड्रम तापायचा आणि कव्हरमधून धूर यायचा. सांगलीतल्या एका दुकानात दिलं होतं. मालकानं माझ्यादेखत पुढचा गार्ड ढकलून दाखवला. टक् असा आवाज आला. "झालं काम, ब्रेक ओके," म्हणाला. बिलावर तीन गोष्टी होत्या: ब्रेक सर्व्हिसिंग, चेनची धार, ट्यूनिंग. पैसे देऊन मशीन घेऊन आलो.

ज्यांनी हे मशीन कधी हातात धरलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या मशीनची चेन पूर्ण रेस दिली की सेकंदाला वीस मीटरच्या आसपास पळते. चेन ज्या लांब पट्टीभोवती फिरते तिला बार म्हणतात. बारच्या टोकाचा वरचा कोपरा चुकून कशाला टेकला, तर चेन तिथं अडकते आणि सगळा जोर उलटा फिरतो. बार वर उसळून चालवणाऱ्याच्या तोंडाकडं येतो. याला किकबॅक म्हणतात. तेवढ्यात माणसाला काहीच करता येत नाही. हात मागं घ्यायचं डोक्यात येईपर्यंत बार वर आलेला असतो. म्हणून पुढच्या मुठीसमोर गार्ड असतो. बार उसळला की मनगट गार्डवर आपटतं, गार्ड पुढं जातो आणि आत क्लच ड्रमभोवतीचा पोलादी बँड आवळला जाऊन चेन पापणी लवायच्या आत थांबते. या मशीनवर माणसाचा जीव वाचवण्यासाठी जेवढं काही बसवलेलं असतं, त्यात हा बँड मी सगळ्यात वर धरतो.

भावानं तिसरी-चौथी फांदी घेतली. पाल्याआड मनगटाएवढी दुसरी फांदी होती, ती कुठूनच दिसत नव्हती. बारचं टोक तिला लागलं. मशीन उसळलं, मनगट गार्डवर बसलं, गार्ड पुढं गेला. मी दहा फुटांवर होतो, मला गार्ड पुढं गेलेला स्पष्ट दिसला. पण चेन थांबली नाही. ती फिरतच त्याच्या हेल्मेटला घासून गेली आणि तो मागं बसकन पडला. रेसवरचं बोट सुटलं होतं, म्हणून चेन नंतर आपोआप मंदावली.

हेल्मेटच्या डाव्या कडेला बोटभर लांब चीर होती. कडा दातऱ्या, प्लॅस्टिकचा भुगा चिरेतच चिकटलेला. खाली कानावर साधा ओरखडाही नव्हता. काकूंनी धावत पाणी आणलं, गूळ आणला. भाऊ बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, गार्ड लागला हुता मला. खरंच लागला हुता." आपलीच काहीतरी चूक झाली असं त्याला वाटत होतं. त्या दुकानाचा मला खरा राग त्या क्षणी आला.

मशीन जमिनीवर ठेवलं, चालू केलं, थोडी रेस दिली आणि मनगटानं गार्ड पुढं ढकलला. टक्. चेन फिरत राहिली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. काम थांबवलं, काकांना संध्याकाळपर्यंतची मुदत मागितली आणि भावाला गाडीत घालून मिरज गाठली.

मिरजेत आण्णांचं दुकान आहे. मूळचे ते द्राक्षबागेत औषध फवारायच्या ब्लोअरचे आणि एचटीपी पंपांचे मिस्त्री. चेनसॉ आणि गवत कापायचे ब्रशकटर नंतर आले. त्यांच्याकडं नंबर लागायला वेळ लागतो, सीझनमध्ये मशीन आठवडाभर पडून राहतं, पार्ट कंपनीचाच पाहिजे म्हणून अडून बसतात. घाईची कामं सांगलीत जायची ती याच कारणानं, आणि ते सांगलीचं दुकान रविवारीही उघडं असायचं, हेही खरं आहे.

आण्णांनी आधी भावाचं हेल्मेट हातात घेतलं, चिरेवरून अंगठा फिरवला आणि त्याला स्टूल दिलं. मग मशीन. दोन नट काढून कव्हर बाजूला केलं. आत तेलात भिजलेला भुसा दाबून बसला होता. ब्रेकचं काम केलेल्या मशीनमध्ये हा भुसा असायलाच नको होता. त्यांनी ब्रशनं तो झाडला, बॅटरी मारली आणि आम्हा दोघांना जवळ बोलावलं.

"काय दिसतंय?"

"ड्रम."

"ड्रमच्या भवती?"

काहीच नव्हतं. बँडची खाच रिकामी होती. एका टोकाला जिथं बँड अडकवतात तिथं ताज्या पकडीच्या खुणा होत्या. क्लचवर छिन्नीचे घाव होते. क्लचचे आटे उलटे असतात, योग्य टूल नसलं की लोक छिन्नी लावून ठोकतात. लिव्हर आणि स्प्रिंग मात्र जागेवर ठेवले होते, म्हणून गार्ड टक् करायचा. बँड तुटला असेल, नवा हाताशी नसेल, तर काढून टाकला. इथपर्यंत मी समजू शकतो. पण तो काढला हे सांगितलं नाही, वर 'ब्रेक सर्व्हिसिंग' लिहून पैसे घेतले.

आण्णा त्या दुकानाबद्दल एक शब्द बोलले नाहीत. चेन हातात घेतली आणि आणखी एक गोष्ट दाखवली. चेनच्या प्रत्येक कटरच्या, म्हणजे कापणाऱ्या दाताच्या, पुढं एक छोटा दात असतो, त्याला रेकर म्हणतात. कटरनं एका वेळी लाकूड किती खोल घ्यायचं ते रेकर ठरवतो. आमच्या चेनला तो कटरपेक्षा साधारण ०.६५ मिलिमीटर खाली हवा. आण्णांनी मापाचा गेज ठेवला तर रेकर त्याच्याही बराच खाली, एकेक वेगळ्याच उंचीचा. ग्रायंडरवर घाईनं घासलेला. कटरची टोकं निळी पडली होती, म्हणजे पोलाद तापून त्याचा कडकपणा गेलेला. अशी चेन पहिल्या दोन कापांना जोरात खाते, गिऱ्हाईक खूश होतं. पण रेकर जास्त उतरवला की किकबॅकचा जोर वाढतो. एकाच दुकानानं एका हातानं किकबॅक वाढवला आणि दुसऱ्या हातानं ब्रेक काढून घेतला होता. हे ऐकताना भाऊ मान खाली घालून हेल्मेटच्या चिरेत नख घालत बसला होता.

आण्णांची पद्धत मला आधीपासून माहीत आहे. मागं एकदा दुसऱ्या मशीनचा पिस्टन चिकटला होता. एका ठिकाणी बोअर-पिस्टन बदलून दिला, थोड्या दिवसांत पुन्हा चिकटला. आण्णांनी सायलेन्सर काढला, पिस्टन खाली घेऊन बॅटरीनं आतले ओरखडे दाखवले. "ओरखडे सायलेन्सरच्या बाजूला असतील तर तेल कमी पडलंय नाहीतर हवा जास्त जातीय. एअर फिल्टरच्या बाजूला असतील तर धूळ आत गेलीय," म्हणाले. आमचे सायलेन्सरच्या बाजूला होते. पेट्रोल-तेलाचं प्रमाण बरोबर होतं. मग कार्बोरेटर आणि सिलिंडर यांच्यामधला रबरी बूट वाकवून बघितला, तर घडीत बारीक भेग. तिथून जादा हवा ओढली जायची, मिश्रण पातळ पडायचं, पिस्टन तापायचा. पहिल्या मिस्त्रीनं महागडा पार्ट बदलला आणि ज्यानं तो खराब केला तो बूट तसाच ठेवला. मला विचाराल तर चांगल्या आणि वाईट दुकानातला फरक इथंच कळतो. पार्ट गेला हे कुणीही सांगतं, तो का गेला हे शोधायला वेळ द्यावा लागतो आणि त्या वेळेचे पैसे बिलात लावता येत नाहीत.

त्यांची आणखी एक सवय. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते ओलावा धरतं. महिनोन्‌महिने टाकीत तेच ठेवलं की कार्बोरेटरचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, कडक होतो. आण्णा प्रत्येकाला सांगतात, मशीन ठेवायचं असेल तर टाकी रिकामी करा आणि आतलं जळून बंद पडेपर्यंत चालवा. डायफ्रॅम गेलाच तर किट घालून देतात, अख्खा कार्बोरेटर विकत नाहीत. जुना पार्ट पिशवीत घालून परत देतात, कुणी मागितला नाही तरी.

बँड त्यांच्याकडं नव्हता. कोल्हापूरला फोन केला, तिथं होता, सकाळच्या एसटीनं पाठवतो म्हणाले. मी विचारलं, तोवर मशीन तसंच नेऊ का, बाग अडकलीय. "हे मशीन बँड बसल्याबिगर माझ्या दुकानातनं जाणार न्हाई," आण्णा म्हणाले. आत जाऊन स्वतःचं मशीन आणलं, पाण्याच्या टाकीशेजारी जमिनीवर ठेवलं, चालू केलं, रेस दिली आणि भावाच्याच हाताला धरून गार्ड पुढं ढकलायला लावला. चेन जागच्या जागी थांबली. तीन वेळा करायला लावलं. भाड्याचं विचारलं तर हातानंच नको म्हणाले.

त्या मशीननं संध्याकाळी चिंच निघाली. तारांपैकी दोन तुटल्या, त्या झाड पडतानाच तुटलेल्या होत्या, बाकी मांडव वाचला. बहुतेक काप मीच घेतले. शेवटचा बुंधा भावानं मागून घेतला.

सांगलीच्या दुकानात मी दुसऱ्या दिवशी गेलो. आवाज चढवला नाही. हेल्मेट काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, बँड कुठं आहे. मालक म्हणाला, "अहो, शेतकरीच काढायला सांगतात. ब्रेक लागून मशीन सारखं थांबतं म्हणतात." मी म्हणालो, मी काढायला सांगितलं नव्हतं आणि काढल्याचं तुम्हीही मला सांगितलं नाही. तेवढ्यात आत काम करणाऱ्या पोरानं भंगाराच्या डब्यातून तुटलेला बँड काढून माझ्यासमोर ठेवला. विशीच्या आतलाच असेल. मालकानं त्याच्याकडं रागानं बघितलं. ब्रेकच्या कामाचे पैसे त्यानं परत केले, ते मी घेतले. धारेचेही मागितले, तेही घेतले. हेल्मेटचे द्यायला तो तयार नव्हता. मी तिथं पुन्हा मशीन देणार नाही, पण त्या पोराला शिकवणारं कुणी भेटलं तर तो चांगला मिस्त्री होईल.

नवा बँड बसलेलं मशीन आण्णांनी चार दिवसांनी दिलं. तुटलेला बँड मी त्यांना दाखवला, तर एका जागी झिजून कागदासारखा पातळ झालेला. ड्रम गंजल्यामुळं तो झिजत होता, म्हणून ड्रमही पॉलिश करून दिला होता. त्याचे पैसे लावले होते आणि बिलावर तसं लिहिलंही होतं.

आता मशीन कुठल्याही दुकानातून घेताना भाऊ ते तिथंच जमिनीवर ठेवून चालू करतो आणि गार्ड ढकलून बघतो. इंजिन बंद ठेवून केलेल्या टक् आवाजावर आम्ही विश्वास ठेवत नाही. कवठेमहांकाळकडं झाडं तोडणारी आणखी दोन पथकं आमच्या ओळखीची आहेत, त्यांनाही भावानंच जाऊन हे करून दाखवलं. त्यातल्या एका मशीनची चेन थांबली नाही. कव्हर उघडलं तर खाच रिकामी. ते मशीन सध्या आण्णांकडं आहे आणि बँडची ऑर्डर कोल्हापूरला गेली आहे.