चूक समोरच्याची, तरी धावपळ आपली

आपल्याकडे गाडीला कुणी ठोकलं की माणसं जमतात, आवाज चढतात आणि बरेचदा विषय रस्त्यावरच मिटतो. इथे कॅलिफोर्नियात गाड्या बाजूला घेतात, लायसन्स, नंबर प्लेट आणि विम्याच्या कार्डाचे फोटो काढतात आणि आपापल्या वाटेने जातात. खरा त्रास त्यानंतर सुरू होतो.

आमची गाडी सिग्नलला उभी असताना मागून धडक बसली. लगेचच त्या माणसाच्या विमा कंपनीतल्या बाईंचा फोन आला. बोलणं फार आपुलकीचं. मान दुखतेय का, झोप लागली का, अशी चौकशी करून मग हळूच म्हणाल्या, "तुमचा जबाब रेकॉर्ड करून घेऊ?" मी नाही म्हणाले. त्या कंपनीचा करार त्या माणसाशी आहे, आपल्याशी नाही. तिला रेकॉर्डेड जबाब द्यायला आपण बांधील नसतो. आपल्या स्वतःच्या कंपनीला मात्र सगळं सांगावंच लागतं. 'बरी आहे' हे सहज तोंडून गेलेलं वाक्यसुद्धा पुढे आपल्याविरुद्ध वापरलं जाऊ शकतं, आणि मानेचं दुखणं कधी कधी दोन दिवसांनी वर येतं. म्हणून डॉक्टरांना दाखवल्याशिवाय दुखापतीच्या तडजोडीवर सही करू नका. एकदा सही झाली की दार बंद. दुखापतीसाठी कोर्टात दावा लावायला साधारणपणे 2 वर्षं मिळतात, गाडीच्या नुकसानीला 3. गाडीचे पैसे आधी वेगळे घेता येतात, तेवढ्याच कागदावर सही करायची.

समोरची कंपनी चालढकल करत असेल तर आपल्या विम्यातून गाडी दुरुस्त करून घ्यावी, अर्थात कोलिजन कव्हर, म्हणजे धडकेत आपल्या गाडीचं झालेलं नुकसान भरून देणारा विमा, असेल तर. डिडक्टिबल, म्हणजे खर्चातला आपण भरायचा ठरलेला वाटा, आधी आपल्या खिशातून जातं, पण आपली कंपनी ते समोरच्याकडून वसूल करायला बघते. मला हाच मार्ग पटतो. गॅरेज कुठलं, हे आपण ठरवायचं. भाड्याच्या गाडीच्या पावत्या जपून ठेवा, तो खर्चही मागता येतो.

नव्याने आलेल्या मुलांची मला खरी काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीसाठी. 2024 संपेपर्यंत इथल्या किमान विम्यात दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीसाठी फक्त 5,000 डॉलर होते. 1 जानेवारी 2025 पासून ते 15,000 झाले, आणि एका माणसाच्या दुखापतीसाठी 30,000. इथल्या इस्पितळांची बिलं पाहता हे फार थोडं आहे. समोरच्याकडे तेवढंच असेल किंवा विमाच नसेल, तर आपल्याच पॉलिसीतलं अनइन्शुअर्ड मोटरिस्ट कव्हर कामी येतं. हप्ता वाचवायला ते काढून टाकू नका, ही माझी कळकळीची विनंती.

आणखी एक, जे पुष्कळांना माहीतच नसतं: कुणाला लागलं असेल किंवा नुकसान 1,000 डॉलरच्या वर असेल, तर चूक कुणाचीही असो, 10 दिवसांत डीएमव्हीकडे, म्हणजे इथल्या आरटीओकडे, एसआर-1 हा अपघात कळवण्याचा फॉर्म भरावा लागतो. पोलिसांनी रिपोर्ट लिहिला तरीही.

दाव्याची कागदपत्रं मिळाल्यावर कंपनीने सर्वसाधारणपणे 40 दिवसांत हो की नाही ते सांगायचं असतं. जास्त वेळ हवा असेल तर तसं कारणासह लेखी कळवावं लागतं. तेही झालं नाही, तर राज्याच्या विमा खात्याकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी वकील लागत नाही.