खंडेनवमीला परत आलेला मोल्ड

खंडेनवमीला आमच्या भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम होत नाही. सकाळी मशिनं पुसायची, चिप ट्रे रिकामे करायचे, झेंडूच्या माळा घालायच्या, हळदकुंकू, नारळ, पेढे, आणि दुपारी जो तो आपापल्या घरी. एकदा पूजा झाली की दसऱ्यापर्यंत हत्याराला हात लावायचा नाही, हा नियम शेठही मोडत नाहीत.

गेल्या वर्षी त्याच सकाळी साडेनऊला आम्ही बनवलेला एक मोल्ड, म्हणजे प्लॅस्टिकच्या वस्तू पाडायचा पोलादी साचा, टेम्पोत बसून परत आला. बरोबर मोल्डरकडचा, म्हणजे त्या साच्यातून माल काढणाऱ्या गिऱ्हाइकाकडचा फिटर आणि पिशवीभर नायलॉनच्या क्लिपा. प्रत्येक क्लिपेच्या एका कडेला पापुद्रा. आमच्या भाषेत फ्लॅश. मोल्डचे दोन अर्धे जिथे मिळतात तिथे फट राहिली की प्लॅस्टिक बाहेर डोकावतं. त्यातही नायलॉन फार पातळ वाहतं, एक-दोन शतांश मिलिमीटरची फट त्याला पुरते.

पोरांनी लगेच मोल्ड उघडला, एका बाजूला निळा रंग फासला, दोन्ही अर्धे दाबून पुन्हा उघडले. याला स्पॉटिंग म्हणतात. जिथे पोलाद पोलादाला टेकतं तिथे निळं उमटतं. चारही बाजूंना भरघोस निळं उमटलं. पोरं खूश. "बघा, सगळीकडे बसलाय. तुमच्या मशीनचं टनेज, दाबून धरायचा जोर, कमी पडतोय, म्हणून मोल्ड उघडतोय." फिटर म्हणाला, "टनेज भरपूर आहे, मोल्डच बरोबर नाही." मग जे होतं ते सुरू झालं. दोघेही आवाज चढवून बोलत होते आणि मागे एकजण शांतपणे लेथला आंब्याची पानं बांधत होता.

याच वेळी काकू आणि ताई आल्या.

काकू म्हणजे आमच्या अण्णांच्या पत्नी, ताई त्यांची मुलगी. शेठनी मुद्दाम बोलावलं होतं, कारण अण्णा आषाढात गेले आणि त्यांची हत्यारांची पेटी अजून बेंचखाली तशीच होती. पूजेनंतर ती घरच्यांच्या हाती द्यायची होती. अण्णा अचानक गेले. रात्री जेवून उठले, छातीत कळ आली, दवाखान्यात पोचेपर्यंत आटोपलं. सत्तरी गाठलेली, तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बेंचवर होते.

औंधच्या आयटीआयमधून अण्णा टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये, ॲप्रेंटिस म्हणून लागले, तेव्हा पिंपरीत ट्रक बनतच नव्हते. ही गोष्ट ते प्रत्येक नव्या पोराला ऐकवायचे. टेल्को १९६६ मध्ये पुण्यात आली ती टूलरूम आणि ट्रेनिंग घेऊन. इथला पहिला ट्रक बाहेर पडला १९७७ साली. "आधी माणसं घडवली, मग ट्रक," असं म्हणून ते समोरच्याच्या हातात कानस द्यायचे. मलाही दिली होती. एक ओबडधोबड ठोकळा सपाट करायचा. ते त्यावर स्ट्रेट एज, म्हणजे सरळ धारेची पोलादी पट्टी, ठेवायचे, उजेडासमोर धरायचे, खालून उजेड दिसला की काही न बोलता ठोकळा परत. शिवी नाही, उपदेश नाही. त्या न बोलण्याची इतकी धास्ती असायची की मी झोपेतही कानस चालवायचो, असं माझी आई सांगते. पगाराच्या दिवशी मात्र हमखास विचारायचे, "घरी किती दिले?" माझ्या लग्नाच्या बैठकीला माझ्या वडिलांच्या शेजारी तेच बसले होते, आणि देण्याघेण्याचा विषय निघाला तेव्हा पहिला नकार त्यांनीच दिला.

स्वतःच्या घराबद्दल मात्र चकार शब्द नाही. दत्तवाडीत राहतात, मुलगी दातांची डॉक्टर आहे, एवढंच आम्हाला ठाऊक.

तर ताई आत आली, वाद ऐकत उभी राहिली आणि मोल्डवर वाकली. म्हणाली, "निळं फार जाड लागलंय."

सगळे गप्प. शेठचा चेहरा बघण्यासारखा झाला. गिऱ्हाइकाच्या माणसासमोर आपलीच बाजू पाडली जात होती, आणि तीही पाहुणीकडून.

"मी रोज हेच करते," ती सांगू लागली. "नवीन कॅप बसवली की पेशंटला निळा कागद चावायला देते. कागद जाड असला तर न टेकणारा दातसुद्धा निळा दिसतो. मग खात्रीसाठी फॉइल लागते." इकडेतिकडे बघून तिने विचारलं, "बाबांची पेटी कुठाय?"

पेटीतल्या वरच्या खणात, मायक्रोमीटरशेजारी, एक चपटं पाकीट असायचं. त्यात धातूच्या अतिपातळ पट्ट्या. अण्णा शेवटची तपासणी नेहमी त्यांनीच करायचे आणि पाकीट पुन्हा आत. आमचा समज असा की टेल्कोतल्या कुणा जुन्या दोस्ताकडून परदेशी माल मिळवलाय. ती निघाली दातांच्या दवाखान्यातली शिमस्टॉक फॉइल, ८ मायक्रॉन जाडीची, म्हणजे केसाचा जेमतेम आठवा-नववा हिस्सा. ताई कॉलेजात असताना तिने पहिल्यांदा दाखवली, तेव्हा म्हणे अण्णांनी ती रात्रभर उशाशी ठेवली होती.

मी निळं पुसून काढलं. चारही कोपऱ्यांत एकेक पट्टी ठेवून मोल्ड दाबला आणि पट्ट्या ओढायला ताईला सांगितलं. तीन घट्ट. चौथी, जिथे क्लिपेला पापुद्रा यायचा त्याच बाजूची, सहज सरकून हातात आली. फिटरने छाती फुगवली. पुढचं काम सोपं होतं. त्या कोपऱ्यालगतचा इंटरलॉक ब्लॉक, म्हणजे दोन्ही अर्धे जागेवर बसवणारा ठोकळा, उतरवून मोजला, तर तो वीस मायक्रॉन उंच. तोच एका अंगाने मोल्ड उचलून धरत होता.

आता अडचण अशी की ग्राइंडरला हार घालून झाला होता, कुंकवाचं बोट तेवढं राहिलं होतं. शेठ घुटमळले. काकू खुर्चीवरूनच म्हणाल्या, "हार काढा की. देव काय तुमच्या ग्राइंडरसाठी ताटकळलाय?" हार निघाला, ब्लॉक घासला, पुन्हा बसवला. चौथी पट्टीही अडकली. फिटरने स्वतः दोनदा ओढून बघितली.

हे चाललेलं असताना ताई पोरांशी बोलत बसली होती. भोसरीची सुट्टी गुरुवारी, शाळा-कॉलेजची रविवारी. त्यामुळे बापलेकीची सुट्टी कधी जुळलीच नाही. मग गुरुवारी अण्णा मंडईतून भाजी आणायचे, स्वयंपाकात लुडबुड करायचे आणि तिची वाट बघत बसायचे. बीडीएसच्या पहिल्या वर्षाला मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरावे लागतात. तिच्या दाढा काही केल्या जमेनात. अण्णांनी व्हर्नियर काढला, मेणावर मधल्या रेषा आखून दिल्या आणि सांगितलं, आधी चारही बाजू काटकोनात आण, गोलाई मागाहून. तिने कोरलेली दाढ ते उजेडासमोर धरायचे आणि काही न बोलता परत द्यायचे. हे ऐकून आम्ही सगळेच हसलो. मला वाटायचं, तो छळ फक्त आमच्याच वाट्याला होता.

पूजा झाली. प्रसाद घेताना काकूंनी विचारलं, "तुमचे गुरुजी नाही आले यंदा?"

"कुठले गुरुजी?" शेठ म्हणाले. "आम्ही आपली आपणच करतो पूजा. पहिल्यापासून."

"मग हे दरवर्षी रात्री आठला घरी यायचे ते? गुरुजी उशिरा आले म्हणून?"

सगळ्यांच्या नजरा माझ्यावर, कारण गाडीवर अण्णांना फिरवायचो मीच. सांगावं लागलं. त्यांच्या हाताखाली शिकून बाहेर पडलेल्या पोरांनी भोसरीत, चाकणला स्वतःच्या शेड टाकल्यात. कुणाकडे एक मिलिंग, कुणाकडे दोन लेथ. इथला नारळ फुटला की अण्णा निघायचे आणि एकूण एक शेडमध्ये जाऊन यायचे. मशीनवर हात फिरवायचे, हप्ते कितपत फिटलेत ते विचारायचे, पेढा घ्यायचे, पुढे.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "पेढा? प्रत्येक ठिकाणी?"

"हो."

"आणि दसऱ्यानंतर साखर वाढली की मी भाताला नावं ठेवायचे! पंधरा-पंधरा दिवस भात बंद करायचे त्यांचा. बिचारे निमूट भाकरी खायचे."

आधी ताई हसली, मग काकूही हसता हसता पदराने डोळे पुसायला लागल्या. पेटी त्यांनी घरी नेली नाही. "एवढं जड मी कुठे ठेवू," म्हणाल्या. ताईने फक्त व्हर्नियर घेतला. फॉइल संपत आली की कळवा, आणखी पाठवीन, असं मला बजावलं.

मोल्ड टेम्पोत चढवल्यावर फिटर मागे रेंगाळला. ताईजवळ जाऊन हळूच म्हणाला, "मॅडम, खालची डावी दाढ दोन महिने ठणकतेय. सुट्टीच मिळत नाही."

"गुरुवारी या," ताई म्हणाली. "मी रविवारी बंद ठेवते. गुरुवारी सकाळी आठपासून असते, भोसरीचेच निम्मे पेशंट असतात."