विवेकानं मत दिलं, मग पुढे काय?

‘पक्षात राहून पक्षाच्याच उमेदवाराविरुद्ध मत देणं ही गद्दारी नाही का?’ राज्यशास्त्र शिकवतो म्हणून हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. महाराष्ट्रात दोन पक्ष उभे फुटल्यापासून तर फारच तावातावानं. तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो: मी त्याला गद्दारी म्हणत नाही. खरा कस मत देणाऱ्याचा नसतो, दुसऱ्या दिवशी त्याच्याशी पक्ष कसा वागतो, त्याचा असतो.

१९६९ ची राष्ट्रपती निवडणूक बघा. बंगळूरच्या बैठकीत काँग्रेसच्या संसदीय मंडळानं पंतप्रधान इंदिरा गांधींचा विरोध डावलून नीलम संजीव रेड्डींना उमेदवारी दिली. यशवंतराव चव्हाणही तेव्हा रेड्डींच्या बाजूनं होते. इंदिराजींनी रेड्डींच्या अर्जावर सही केली. पुढे पक्षाध्यक्ष निजलिंगप्पा दुसऱ्या पसंतीच्या मतांसाठी (या निवडणुकीत मतदार उमेदवारांना पसंतीक्रम देतो) जनसंघ आणि ‘स्वतंत्र’ या विरोधी पक्षांच्या नेत्यांना भेटले, तेव्हा इंदिराजींच्या गटानं सदसद्विवेकबुद्धीनुसार मतदानाची मागणी लावून धरली. अपक्ष व्ही. व्ही. गिरी निवडून आले: ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७. मतपत्रिका गुप्त होती, म्हणूनच हे शक्य झालं.

तिसरे उमेदवार होते आपले चिंतामणराव देशमुख. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ मध्ये देशाचं अर्थमंत्रिपद सोडणारा हा माणूस. विवेक म्हणजे काय हे त्यांनी पदाची किंमत मोजून दाखवलं होतं. माझ्या मनात त्यांचं स्थान फार वर आहे. त्या निवडणुकीची चर्चा निघते तेव्हा त्यांचं नाव सहसा कोणी घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पुढे काय झालं? नोव्हेंबरमध्ये पंतप्रधानांनाच पक्षातून काढलं आणि काँग्रेस दुभंगली. विवेकाच्या नावानं मतं मागणाऱ्यांना आणि शिस्तीचा आग्रह धरणाऱ्यांना एकाच घरात नांदता आलं नाही. मला सर्वांत जास्त हेच खटकतं. मत वेगळं पडलं की माणूस शत्रू, हा हिशेब दोन्ही गटांनी मांडला. त्यातला खरा तोटा सामान्य कार्यकर्त्याचा. गावात एकाच चावडीवर बसणाऱ्यांना ‘तू कुठल्या काँग्रेसचा?’ याचं उत्तर द्यावं लागलं.

सभागृहातल्या मतदानात आज आमदार-खासदारांना तेवढीही मुभा नाही. १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यामुळे सभागृहात व्हिप, म्हणजे मतदानाबाबतचा पक्षादेश, मोडला तर पद जाऊ शकतं. राज्यसभेच्या निवडणुकीत २००३ पासून मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते. घोडेबाजार रोखायला हवाच, पण शेतीच्या किंवा पाण्याच्या एखाद्या विधेयकावर मतदारसंघाची बाजू घेणारा आमदार आणि पैसे घेऊन पळणारा आमदार यांना एकच शिक्षा का? व्हिप मोडणाऱ्यावरची अपात्रतेची तलवार विश्वास आणि अविश्वास ठरावांसारख्या मोजक्या मतदानांपुरतीच ठेवावी, असं निवडणूक सुधारणांसाठीच्या दिनेश गोस्वामी समितीनं १९९० मध्येच सुचवलं होतं. ते अजून झालेलं नाही. माझी मागणी तेवढीच आहे.