उलटं वाजवून लेखी द्या

आमच्या स्टुडिओत संगीत कमीच. दिवस जातो तो निवेदकांचे श्वास, ओठांचे आवाज आणि खुर्चीची करकर काढण्यात. परवा एक गृहस्थ पेनड्राइव्ह घेऊन आले. त्यांचा दहावीतला मुलगा लेड झेपलिन या ब्रिटिश रॉक बँडचं ‘स्टेअरवे टू हेवन’ सारखं ऐकतो. १९७१ चं हे गाणं उलटं वाजवलं की सैतानाची स्तुती निघते, असा आरोप अमेरिकेत १९८२ पासून गाजतोय. यांच्यापर्यंत तो व्हिडिओतून पोचला होता. “साहेब, तपासून लेखी द्या.”

मी तुकडा रिव्हर्स केला. नुसती बडबड. मग त्यांनी फोनवरच्या ओळी समोर धरल्या आणि मलाही त्या स्पष्ट ऐकू आल्या. आता त्या पुसता येत नाहीत.

पण उलटतो तो ध्वनी, अक्षरं नव्हेत. ‘ट’चा फटका मागे जातो, घुमारा आधी फुगत येतो, ‘स’ मात्र जवळपास तसाच राहतो. या अर्धवट मालातून कान सांगितलेलं वाक्य जुळवतो. कॅनडातल्या व्होकी आणि रीड या मानसशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये हेच दाखवलं. काय ऐकायचं ते आधी सांगितलं, तरच लोकांना ते ऐकू येत होतं. मुद्दाम उलटा लावलेला आवाज लपत नाही. बीटल्सच्या १९६६ च्या ‘रेन’ गाण्याच्या शेवटी तो कुणालाही ओळखू येतो. ‘स्टेअरवे’च्या या तुकड्यात तर सरळ ऐकताना स्वच्छ इंग्रजी कडवं आहे.

मला अमेरिकेतल्या रीनो शहरातल्या कोर्टाचा १९९० चा निकाल आठवला. जूडास प्रीस्ट या हेवी मेटल बँडच्या गाण्यात ‘डू इट’ (‘कर’) हे शब्द लपवले आणि त्यामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा दावा होता; तेही उलटे नव्हे, सरळ वाजवताना ऐकू येणारे शब्द. न्यायमूर्ती व्हाइटहेड यांनी ते शब्द ऐकू येतात हे नाकारलं नाही. श्वास आणि गिटार योगायोगाने जुळून तसा आवाज झाला, असं ठरवलं. आमच्या धंद्यातल्या कित्येकांपेक्षा त्या माणसाचा कान प्रामाणिक होता.

मीही तसंच लिहिलं : वाक्य भासतं, पण ते कुणी घातल्याची खूण ध्वनीत नाही.

“पहिलं ठेवा, दुसरं काढा,” ते म्हणाले.

मी काढलं नाही. “मुलाने हे कधी उलटं ऐकलंय?”

“छे, तो सरळच ऐकतो. आज दाखवतो त्याला व्हिडिओ.”

नको म्हणून मी खूप विनवलं. ते कागद न घेताच उठले. मुलाला त्या गाण्यात काय आवडतं, हे त्यांनी अजून विचारलेलंच नाही.